छत्तीस इंचांची सवत

मंगळवारी संध्याकाळी स्कूटरचं हँडल मापबाईंच्या बरगडीला लागलं नाही, कमरेच्या हाडाला लागलं, आणि तिथून सगळं बिनसलं.

आता कुणी म्हणेल, लागलं ते लागलं, बरगडी काय नि कंबर काय. असं म्हणणाऱ्यानं मापबाईंचं घर पाहिलेलं नाही. दारातून आत शिरलं की आधी एक बोळ. बोळाच्या एका भिंतीला चपलांचं कपाट, दुसऱ्या भिंतीला स्कूटर, आणि मधे जी काही वाट उरते तिच्यातून एका वेळी एकच माणूस जाणार, तेही पोट आत घेऊन. स्कूटर म्हणजे पेट्रोलची नव्हे हं. दोन बारकी चाकं, त्यांच्यामध्ये पाय ठेवायला फळी, पुढे उभा दांडा आणि त्याच्यावर आडवं हँडल. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्यानं रस्ता मागे ढकलायचा. पोरं खेळतात तीच, फक्त मोठ्या माणसांच्या मापाची. गेले तीन आठवडे गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडून आत येताना ते हँडल रोज मापबाईंच्या डाव्या बरगडीत रुतायचं आणि मापबाई रोज न चुकता "मेलं हे" म्हणायच्या. त्या मंगळवारी "मेलं हे" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की दुखतंय ते भलतीकडेच.

मापबाई हे त्यांचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. त्या बायकांचे कपडे शिवत, आणि बावीस वर्षं शिवून शिवून नजर अशी तयार झाली होती की समोरचं माणूस नमस्कार करायच्या आत त्याचा खांदा, छाती आणि बाही मोजून मोकळी. त्या इमारतीत माणसाला त्याच्या धंद्यावरून ओळखायची पद्धतच होती. मापबाईंचे यजमान एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवत, म्हणून ते दातवाले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं चष्म्याचं दुकान, म्हणून ते चष्मेवाले. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

ही स्कूटर दातवाल्यांनी कुणालाही न विचारता आणली होती. बावीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःहून साधा टॉवेल आणला नव्हता. का आणली म्हणून विचारलं तर म्हणाले, व्यायाम होतो. मापबाईंनी फार खोदून विचारलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष हँडलकडे होतं. सोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, हँडल कमरेच्या उंचीला ठेवावं. वाचून मापबाईंना हसू आलं. कंबर म्हणजे काय एक जागा आहे? लोकांना जिथे वाटते तिथे कंबर कधीच नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक. त्यांनी दातवाल्यांना बूट घालून फळीवर उभं केलं, श्वास सोडायला लावला, खरी कंबर शोधली आणि टेप लावली. कंबर ते फळी चाळीस इंच. दांड्याला दोन-दोन इंचांवर भोकं होती. चाळिसाच्या भोकात बटण बसवलं, खटका आवळला, कोपरात किंचित बाक येतो का ते पाहिलं. हँडल फार वर गेलं की माणूस दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो आणि फार खाली गेलं की हरवलेलं काही शोधत असल्यासारखा. दातवाले बरोबर मधे दिसत होते. रोज सकाळी ते निघाले की मापबाई खिडकीत उभ्या राहायच्या आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांची पाठ बघायच्या. आपण शिवलेलं कापड कुणाच्या अंगावर नीट बसलेलं पाहावं तसं त्यांना वाटायचं.

तर मंगळवारी त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि बोळातच हँडल मोजलं. छत्तीस इंच.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, हँडल खाली कसं आलं. दातवाल्यांनी पाण्याचा घोट घेतला, तो गिळायला गरजेपेक्षा जास्त वेळ लावला आणि म्हणाले, सैल झालं असेल.

मापबाईंनी त्यांना भाजी वाढली. पण सैल झालेली वस्तू घसरते ती तळाला जाते. अधल्यामधल्या भोकात बटण बसवून, वर खटका आवळून, शहाण्यासारखी उभी राहत नाही. खोटं बोलायचं तर माणसानं निदान शिंपिणीसमोर मापात तरी बोलावं.

बुधवारी सकाळी बोळातून खट्‌ असा आवाज आला. दातवाल्यांनी हँडल वर केलं आणि रोजच्यासारखे ताठ पाठीनं निघून गेले. संध्याकाळी ते परतले तेव्हा मापबाईंकडे गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक जाताच त्यांनी टेप लावली. छत्तीस. गुरुवारी छत्तीस. शुक्रवारीही छत्तीसच, पाव इंचाचा फरक नाही. मापबाईंच्या मनात पाल चुकचुकली होती, ती आता चांगली ओरडू लागली.

घरात छत्तीस कुणाचं नव्हतं. दातवाले चाळीस, त्या स्वतः अडतीस. म्हणजे दिवसभरात या फळीवर कुणीतरी तिसरं उभं राहत होतं, आणि ते रोज एकच होतं. कंबर ते जमीन छत्तीस म्हणजे उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. इतकी ठेंगणी, आणि हँडल स्वतःच्या कमरेला बरोबर लावून घेणारी, म्हणजे नीटनेटकी. मापबाईंच्या डोक्यात ती बाई हळूहळू उभी राहायला लागली. आधी पाय आले, मग कंबर, मग निमुळते खांदे. शनिवार उजाडेपर्यंत तिच्या अंगावर कपडेसुद्धा चढले होते. बंद गळ्याचा, उभ्या कॉलरचा कोट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो कोट तिला शोभत होता. मापबाई जळत होत्या, याला दुसरा शब्द नाही. मशीन चालवताना जळत होत्या, काजं करताना जळत होत्या, आणि शेजारी घोरणाऱ्या नवऱ्याकडे बघून तर इतक्या जळत होत्या की त्यांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण दोनदा ओढून घेतलं.

मग त्यांनी मापांची वही काढली. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यात होती. पानं उलटता उलटता छत्तीसवाल्या दोघी निघाल्या. एक दातवाल्यांची मावशी. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठीशिवाय न चालणारी. तिला मापबाईंनी वगळलं, पण लगेच नाही. आणि दुसरी डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांचा दवाखाना दातवाल्यांच्या प्रयोगशाळेच्या बरोबर वर, आणि प्रयोगशाळेतल्या निम्म्या कवळ्या त्यांच्याच पेशंटांच्या तोंडात जायच्या. आता एकेक गोष्ट मापबाईंना आठवू लागली. दातवाले एकदा म्हणाले होते, डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे. हात हलका आहे हे यांना कसं कळलं? यांचे तर बत्तीसही दात शाबूत. दुसऱ्यांदा म्हणाले होते, डॉक्टरीणबाई कधी आवाज चढवत नाहीत. ते म्हणताना त्यांनी मापबाईंकडे पाहिलं होतं की नाही, हे आठवेना, पण पाहिलं असावं. आणि कहर म्हणजे डॉक्टरीणबाईंचा एक कोट त्या वेळी मापबाईंच्याच मशीनवर होता. बंद गळ्याचा, उभ्या कॉलरचा.

शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई कोट घालून बघायला आल्या. प्रयोगशाळेला सुट्टी होती, दातवाले बाजारात गेले होते आणि स्कूटर बोळातच होती. मापबाईंनी टाचण्या लावल्या, खांदा पाहिला, आणि मग म्हणाल्या, की कोटाची लांबी नीट कळायची तर माणूस जरा उंचावर उभं राहायला हवं, तेव्हा या फळीवर उभ्या राहता का? डॉक्टरीणबाईंनी स्कूटरकडे पाहिलं, मग मापबाईंकडे पाहिलं. पण शिंपिणीशी कुणी वाद घालत नाही, निदान अंगात टाचण्या असताना तरी नाही. त्या फळीवर चढल्या. मापबाईंनी त्यांना हँडल धरायला सांगितलं.

हँडल कमरेला बरोबर लागलं. खांदे सैल, मनगटं सरळ, कोपरात किंचित बाक. कागदावरच्या चित्रातली बाई जशी उभी होती, तशाच डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"चालवलेलं दिसतंय आधी कधीतरी," मापबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात तीन टाचण्या होत्या म्हणून आवाज दाताखालून आला.

"नाही हो. पण छान वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांची ना ही? रोज दिसते खाली."

रोज दिसते. इतक्या निर्लज्जपणे कबुली देणारं माणूस मापबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर त्यांनी ठरवलं, या कोटाची वाट लावायची. कॉलर वाकडी करायची, डावी बाही अर्धा इंच वर घ्यायची, म्हणजे घालणारीला दिवसभर कुठेतरी काहीतरी टोचत राहील आणि काय ते कळणार नाही. त्या मशीनवर बसल्या. पण हातांना बावीस वर्षांची सवय, आणि हात काही त्यांच्या संसारात पडायला तयार नव्हते. वाकडी शिवायला घेतलेली कॉलर सरळ आली. उसवून पुन्हा शिवली, तर आणखी सरळ आली. रविवारी संध्याकाळी कोट पुरा झाला तेव्हा तो त्यांच्या हातून आजवर झालेल्या सगळ्या कोटांत चांगला होता, आणि तो समोर टांगून मापबाईंना रडू आलं. डॉक्टरीणबाई न्यायला आल्या, घालून हरखल्या आणि म्हणाल्या, दवाखान्यातल्या सगळ्या जणींचे कोट आता तुमच्याकडूनच शिवून घेणार. मापबाईंनी तोंड फिरवलं आणि सांगितलं, यापुढे दुसरीकडे शिवा, आमच्याकडून जमायचं नाही. का, ते सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई पिशवी छातीशी धरून, बोळातून पोट आत घेत, काही न कळता निघून गेल्या.

आता एकच उरलं होतं, डोळ्यांनी बघणं.

सोमवारी सकाळी खट्‌ असा आवाज आला आणि दातवाले निघाले. मापबाई खिडकीत गेल्या नाहीत. पायांत बूट चढवून त्या जिना उतरल्या. पण स्कूटरवरच्या माणसाला पायी गाठणार कसं, हा प्रश्न त्यांना अंगणात आल्यावर पडला. आणि अंगणात चष्मेवाले आपली स्कूटर पुसत उभे होते.

चष्मेवाल्यांची स्कूटर सगळ्यांत आधीची. ते दुकानात तिच्यावरूनच जात आणि इमारतीतल्या प्रत्येकाला तिचे फायदे सांगत. मापबाईंनी घाईघाईत विचारलं, अर्धा तास मिळेल का. चष्मेवाल्यांचा चेहरा असा उजळला की जणू आयुष्यभर कुणी हे विचारील म्हणून ते थांबले होते. पण मिळेल म्हणून थेट हातात देतील तर ते चष्मेवाले कसले. आधी हँडल तुमच्या मापाचं करू या, म्हणाले, नाहीतर खांदे धरतील. त्यांनी मापबाईंना फळीवर उभं केलं, स्वतः गुडघ्यावर बसले, खटका सोडला, हँडल दोन इंच खाली घेतलं, मान तिरकी करून मापबाईंच्या कमरेकडे पाहिलं आणि पुन्हा बटण बसवलं. मग हात सैल सोडा, नजर पुढे ठेवा, पाय टाचेवर नका टेकू. मापबाईंचा जीव वरखाली होत होता. त्यांचं सगळं लक्ष फाटकाबाहेर, आणि हे आपले वाकून अडतीसाचं भोक शोधतायत.

शेवटी एकदाच्या त्या सुटल्या. पहिली दहा पावलं फाटकाच्या खांबाकडे गेली. पुढे मात्र पायांनीच काम हाती घेतलं. ज्या पायांनी पंधरा वर्षं पायमशीन चालवलं होतं, त्यांना एका लयीत रेटायला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोपरा येईपर्यंत मापबाई वाऱ्यासारख्या निघाल्या होत्या, आणि मनात म्हणत होत्या, आता सापडतील दोघं, एकाच फळीवर.

कोपऱ्यावर वळल्या आणि त्यांनी दोन्ही पाय जमिनीला लावले.

कोपऱ्यापलीकडे वीस पावलांवर बसचा थांबा होता. थांब्याला बस उभी होती. बसच्या पुढच्या दारात दातवाले एक पाय पायरीवर ठेवून, ओठ दाताखाली घेऊन, स्कूटरचा खटका सोडवत होते आणि आतून कंडक्टर सांगत होता, की काका, दोन भोकं खाली, रोज काय सांगायचं तुम्हाला. हँडल खाली गेलं. कंडक्टरनं स्कूटर आत ओढली आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे जो आडवा दांडा असतो त्याच्याखाली ढकलली. हँडल दांड्याखाली बरोबर बसलं.

मापबाईंनी नजरेनं मोजलं. फळीपासून छत्तीस.

त्याच क्षणी दातवाल्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांना बायको दिसली, बायकोच्या हातातलं हँडल दिसलं, आणि त्यांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. कंडक्टरनं विचारलं येताय का, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं घंटी मारली. बस निघून गेली. स्कूटर बसमध्येच राहिली. दोघांपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"ही चष्मेवाल्यांची आहे," दातवाले म्हणाले.

"ते राहू द्या. तुम्ही बसनं जाता?"

"कोपऱ्यावरून मी मागे पाहिलं. ते खाली वाकून काय करत होते?"

"कधीपासून बसनं जाता?"

दातवाले थांब्याच्या बाकावर बसले. थोडा वेळ बुटांकडे बघत राहिले आणि मग एकेक दात उपटून दिल्यासारखं सांगू लागले. पहिल्याच दिवशी कोपऱ्यापुढच्या उतारावर ते पडले होते. त्यात स्कूटरचा घडी घालायचा सांधा वाकला, म्हणून ती आता मिटत नाही, उभीच न्यावी लागते. दुसऱ्या दिवसापासून बस. आधीचा कंडक्टर भला होता, कुठेही ठेवू द्यायचा. गेल्या मंगळवारी हा नवा आला. त्याचा नियम असा, की दांड्याच्या खाली मावेल तेच सामान आत येईल, कारण वर आलेलं हँडल उभ्या माणसांच्या पोटात घुसतं. म्हणून थांब्यावर खाली करायचं आणि सकाळी घरून निघताना वर करायचं.

"मग सकाळी वर तरी कशाला करायचं?"

"तू खिडकीत असतेस ना."

मापबाईंना आपण काय ऐकतोय ते नीट उमगेना. पाच दिवस ज्या बाईला त्यांनी डोक्यात उभी केली, नेसवली-सजवली, जिच्यासाठी उशी भिजवली, ती एका बसमधला लोखंडी दांडा निघाली होती. हसावं की रडावं हे ठरायच्या आत दातवाल्यांनी त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

"डॉक्टरीणबाईंना स्कूटरवर का उभं केलंस? काल रात्री त्यांचा फोन आला होता मला. म्हणाल्या, काही चुकलं का माझं."

आता सांगण्याची पाळी मापबाईंची होती. त्यांनी सांगितलं. वहीचं सांगितलं, छत्तीसचं सांगितलं, कॉलरचं सांगितलं. मावशीला संशयितांतून वगळायला किती वेळ लागला, तेवढं मात्र गाळलं. दातवाले ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग नवल, आणि मग काहीतरी असं आलं की जे मापबाईंनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"माझ्यावर?" ते म्हणाले. "माझ्यावर कोण बाई भाळणार?"

"ते मी कशाला सांगू. पण मुळात आणलीच कशाला ती स्कूटर, चालवता येत नव्हती तर?"

दातवाल्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की पुढची बस येऊन गेली.

"तू म्हणाली होतीस, चष्मेवाल्यांची पाठ बघा, कशी ताठ असते. खिडकीत उभी राहून म्हणाली होतीस. दोनदा."

"अहो, मी कोटाबद्दल बोलत होते. ताठ पाठीवर कोट चांगला बसतो."

"इमारतीतल्या सगळ्यांना तू भाऊजी म्हणतेस," दातवाले म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "नळवाल्यांना भाऊजी. बँकवाल्यांना भाऊजी. तळमजल्यावरचा तो परवा लग्न झालेला, तुझ्या भाच्याच्या वयाचा, तोसुद्धा भाऊजी. चष्मेवाल्यांना कधी म्हटलंस?"

म्हटलं असेलच की कधीतरी, असं मापबाई म्हणणार होत्या, पण आठवून पाहिलं तर एकदाही नव्हतं. का नव्हतं? चष्मेवाले राहायला आले तेव्हा ते नवीन होते, मग नुसतं अहो चालून गेलं, मग राहूनच गेलं. इतकंच असेल. इतकंच नसेलही. स्वतःचं माप घेताना टेप जरा ढिली धरायची सवय प्रत्येक बाईला असते. पण तिथे त्या बाकावर एवढं मात्र त्यांना स्वच्छ कळलं, की हा माणूस तीन आठवडे रोज सकाळी पाठ ताठ धरून, जीव मुठीत घेऊन कोपऱ्यापर्यंत जात होता तो केवळ जळत होता म्हणून. आपल्यावरून. या वयात आपल्यावरून कुणी जळतंय, या विचारानं मापबाईंना इतकं बरं वाटलं की ते लपवायला त्यांना चष्मेवाल्यांच्या हँडलकडे बघत राहावं लागलं.

"डॉक्टरीणबाईंना मी आजच फोन करते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे कोट शिवून देते म्हणून सांगते."

"त्यांना छत्तीसचं नको सांगूस."

"मी वेडी आहे का?"

दोघं घराकडे चालू लागले. स्कूटर मापबाईंनी हातानं ढकलत नेली. दातवाले दोन पावलं मागे, खांदे पाडून. एवढं सांगून मोकळं झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात, पण दातवाल्यांना उलट आपण उघडे पडलो असं वाटत असावं. फाटकात चष्मेवाले उभेच होते.

"पहिल्याच दिवशी जमली की तुम्हाला," ते म्हणाले. "मी बघत होतो, काय वळलात कोपऱ्यावर. रोज सकाळी एक चक्कर मारत जा माझी घेऊन. हँडल तुमच्या मापालाच राहू दे. माझं काय, मी वाकून जाईन."

दातवाले जिन्याकडे निघाले होते. पहिल्या पायरीवर ते थांबले, पण वळले नाहीत.

मापबाईंनी स्कूटर चष्मेवाल्यांच्या हातात दिली आणि जिन्यापर्यंत नक्की जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नको हो भाऊजी. आमच्याकडे आहे आमची."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत लावला. त्यानं काही फरक पडल्यासारखा दिसला नाही. जिन्यात मात्र दातवाल्यांची पाठ हळूच सरळ झाली, खांदे मागे गेले, आणि ते एकेक पायरी सोडून चढायला लागले. मग दुपारी ते बसच्या डेपोत जाऊन आपली स्कूटर सोडवून आणणार असं ठरलं, मापबाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन केला, आणि त्या दिवशी मशीन इतकं हलकं चालत होतं की पाय लावायचा अवकाश.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. चष्मेवाल्यांची बायको. एरवी ती कपडे शिवायला टाकायची तेव्हा पिशवी घेऊन यायची, आज हात रिकामे होते. बोळात दातवाल्यांची सोडवून आणलेली स्कूटर उभी होती, तिला वळसा घालून ती आत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"तुम्हाला मापातलं कळतं म्हणून आले," ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या स्कूटरचं हँडल आज खाली आलंय. मी विचारलं तर म्हणतात, वाकून चालवलं की पोट कमी होतं. मी मोजलं. अडतीस इंच भरलं. अडतीस म्हणजे कोण असेल हो?"

आतल्या खोलीत दातवाल्यांनी पेपर मुडपल्याचा आवाज झाला. मापबाईंनी समोरच्या बाईकडे पाहिलं. डोळे लाल होते, ओठ घट्ट होते, आणि त्या चेहऱ्यातलं काही म्हणता काही त्यांना अनोळखी नव्हतं. थाप मारायची असती तर शंभर होत्या.

"मी," मापबाई म्हणाल्या. "अडतीस माझं आहे. सकाळी अर्धा तास मागून नेली होती. यांच्याच मागे जायचं होतं मला, यांना विचारा."

चष्मेवालीणबाईंनी मापबाईंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना भाऊजी म्हणता. आमच्या ह्यांना का नाही म्हणत?"

"म्हणते की," मापबाई म्हणाल्या. "आज सकाळपासून."